एक बादली पाणी: वाळा लावायचा की साल्विया?

इअरफोन लावले असतील तर आवाज जरा बेताचा ठेवा, कारण आज मी गच्चीवरून बोलतेय आणि मागे पाखरांचा गोंगाट आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे मी बोलले ते जवळजवळ तसंच खाली उतरवलं आहे.

आजचा विषय दोन झाडांचा. एक गवत, एक फूल. गवत आपलं इथलं, वाळा. फूल परदेशातून आलेलं, निळा साल्विया. बऱ्याच जणांनी व्हॉइस नोट पाठवून विचारलं होतं की घरापुढं पाच-दहा फुटांची पट्टी आहे, पाणी कमी आहे, काय लावू? या प्रश्नाचं उत्तर मला पुस्तकातून नाही मिळालं. ते एका बादलीमुळे मिळालं. आधी ती बादली सांगते.

मे २०२४. आदल्या वर्षी, २०२३ ला, मराठवाड्यात पाऊस नीट झालाच नव्हता. उन्हाळा टँकरचा होता. आमच्या गल्लीत नळ तसाही रोज येत नाही. जालन्यातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. आठ-दहा दिवसांनी पाणी आलं की हजार लिटरची टाकी भरायची, आणि पुढचं पाणी येईपर्यंत ती चार माणसांत पुरवायची. नऊ दिवस धरा. हिशोब केला तर माणशी दिवसाला साधारण अठ्ठावीस लिटर. त्यात पिणं, अंघोळ, भांडी, धुणं, सगळं.

आणि या घरात मी रोज सकाळी एक बादली, पंधरा लिटर, फुलांना घालत होते.

अगदी चांगलं पाणी नव्हतं बरं का. तांदूळ-भाज्या धुतलेलं, फिल्टरमधून वाया जाणारं, असं रात्रभर साठवलेलं. पण ते पाणी संडासाला चाललं असतं, फरशी पुसायला चाललं असतं. आई बोलत नव्हती, पण बादली उचलताना तिची नजर मला कळत होती. पंधरा लिटर म्हणजे घरातल्या एका माणसाच्या वाट्याच्या निम्म्याहून जास्त. माझी फुलं आमच्या घरात अर्धं माणूस होऊन राहत होती.

एके दिवशी सकाळी मी बादली घेऊन फाटकाजवळ उभी होते. माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, ओट्यावर चहा घेत बसलेले. ते म्हणाले, "आज कोणाला पाजणार?"

मी म्हटलं, "सगळ्यांना, नेहमीसारखं."

त्यावर ते जे बोलले ते मी नंतर सांगते. आधी ही दोन झाडं आमच्या दारात आली कशी, ते ऐका.

आमच्याकडे २०१३ नंतर कोणी काही लावलंच नव्हतं. तुळस सोडून. त्याआधी अंबड तालुक्यात आमची मोसंबीची बाग होती, दोनशे चाळीस झाडं. जालन्याची मोसंबी म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे, आता तर तिला भौगोलिक मानांकनही आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यात किती बागा गेल्या, किती जणांनी हातानं लावलेली झाडं कुऱ्हाडीनं तोडून सरपणाला घातली, हे तुमच्या घरच्या मोठ्यांना विचारा. आमचीही त्यातलीच एक. नंतर नाना शहरात आले, बियाण्याच्या एका गोदामात कामाला लागले. झाडांबद्दल बोलणं त्यांनी बंद केलं. मी तेव्हा शाळेत होते.

आता वाळ्याचं. जुलै २०२३ मध्ये मामानं त्याच्या शेताच्या बांधावर लावायला वाळ्याचे ठोंब आणले होते. ठोंब म्हणजे मुळासकट काढलेले फुटवे. उरलेलं अर्धं पोतं तो आमच्या दारात ठेवून गेला. दोन दिवसांनी नानांनी ते कंपाउंडच्या पश्चिमेच्या टोकाला, मोरीच्या पाण्याच्या नालीलगत ओळीनं खोचून टाकले. मी विचारलं तर म्हणाले, "फेकायचे कशाला?" एवढंच.

आणि साल्विया माझा. त्याला कारण एक रील. अमेरिकेतल्या शिकागो शहरात मिलेनियम पार्क आहे, तिथं ल्युरी गार्डन नावाची बाग आहे, २००४ मध्ये खुली झालेली. खाली गाड्यांचं पार्किंग आणि त्याच्या छतावर ही बाग. त्यातली लावणी पीट आउडॉल्फ नावाच्या डच माळ्यानं केली. त्या बागेत निळ्या-जांभळ्या साल्वियाचा एक लांबलचक पट्टा आहे, त्याला साल्वियाची नदीच म्हणतात. मी ती रील वीसेक वेळा पाहिली असेल. ऑक्टोबरात नर्सरीत गेले आणि वीस रुपयाला एक अशी सोळा रोपं घेऊन आले. फाटकापासून वाळ्याच्या ओळीपर्यंत एका रेषेत लावली. तीनशे वीस रुपयांत आमच्या दारात नदी येणार होती.

नानांनी रोपांकडे पाहून एकच विचारलं होतं, "उन्हाळ्यात याला पाणी कोण घालणार?"

मी म्हटलं, "मी घालीन की."

तर मंडळी, आता थोडी ओळख करून घेऊ, म्हणजे पुढचं नीट कळेल.

साल्विया हे एका मोठ्या गोतावळ्याचं नाव आहे. जगात त्याच्या जवळजवळ हजार जाती आहेत. इंग्रजीत यांना सेज म्हणतात. तुम्ही स्मूदीत घालता ते चिया, तेही साल्वियाच. रोझमेरीलाही आता शास्त्रज्ञांनी याच गटात घेतलंय. आणि हे सगळं कुटुंब कोणाचं? आपल्या तुळशीचं. पटत नसेल तर साल्वियाची दांडी दोन बोटांत धरून फिरवा. ती गोल नसते, चौकोनी असते. आता तुळशीची धरून बघा. पानंही दोन्हींत समोरासमोर जोडीनं येतात. आईनं हे ओळखलं होतं. ती पहिल्या दिवसापासून त्याला "निळी तुळस" म्हणते.

आपल्या नर्सरीत मुख्यतः दोन साल्विया मिळतात. लाल भडक तो मूळचा ब्राझीलचा. त्याला आपला मार्चचा ऊन सोसत नाही, दुपारची सावली लागते. दुसरा निळा, दांड्यावर पिठासारखी पांढुरकी लव असलेला, तो टेक्सास आणि मेक्सिकोकडचा. हा उन्हाला बराच चिवट. मी घेतला तो हा. रील शिकागोची होती हे मात्र मी विसरले. तिथले साल्विया वेगळ्या जातींचे, बर्फाखाली झोपून वसंतात उठणारे. तिथं वर्षभर थोडा थोडा पाऊस-बर्फ पडत असतो. आपल्याकडे जे काही साडेसहाशे-सातशे मिलीमीटर पडायचं ते बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये पडतं, आणि मग आठ महिने वरून काही नाही.

आता वाळा. तुम्ही त्याला दोन ठिकाणी भेटलेले असता. उन्हाळ्यात माठात टाकायची ती मुळांची जुडी, आणि जुन्या कूलरला लावायच्या त्या सुगंधी ताट्या. खस म्हणतात तो हाच. पण बहुतेकांनी त्याचं झाड पाहिलेलं नसतं, कारण आपल्यापर्यंत फक्त मुळं येतात. जमिनीवर ते माणसाच्या कमरेपासून डोक्यापर्यंत वाढणारं गवत आहे. पाती ताठ उठतात आणि वरून कारंज्यासारखी वाकतात. पावसाळा सरताना जांभळट तपकिरी तुरे येतात. नर्सरीत विचारलंत तर 'व्हेटिव्हर' म्हणा, लवकर कळेल. हा इंग्रजी शब्दही आपल्याच शेजारून गेलाय, तमिळमधून. आणि एक सांगते, काही ठिकाणी वाळा मागितला की गवती चहा हातात देतात. पान चुरगाळून वास घ्या. गवती चहाच्या पानाला वास येतो, वाळ्याच्या पानाला येत नाही. त्याचा सगळा सुगंध मातीखाली.

संस्कृतात वाळ्याला काय म्हणतात माहितीये? उशीर. कालिदासाच्या शाकुंतलात शकुंतलेला ताप चढल्यासारखं होतं तेव्हा तिच्यासाठी वाळ्याचा लेप नेतात, तिथं हाच शब्द आहे. मला मात्र हे नाव फार शोभून दिसतं, कारण हे गवत खरोखर उशीर करतं. पहिलं वर्षभर ते काहीच करत नाही असं वाटतं. मैत्रिणी घरी आल्या की साल्वियासोबत सेल्फी काढायच्या, आणि वाळ्याकडे बोट दाखवून विचारायच्या, "हे कापायचं राहिलंय का?"

ते काम करत होतं, फक्त खाली. वाळ्याची मुळं आडवी पसरत नाहीत, सरळ खाली जातात. माती खोल आणि चांगली असेल तर तीन मीटरपर्यंत. दहा फूट! म्हणून बांधावर माती धरून ठेवायला याच्यासारखं काही नाही. कर्नाटकात गुंडलुपेटकडचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या शेताच्या हद्दीला वाळा लावत आलेत. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या लोकांनी भारतात मृदसंधारणासाठी याचा प्रचार सुरू केला आणि मग तो जगभर गेला. साल्विया तिकडून इकडे आला, वाळा इकडून तिकडे गेला, असा व्यवहार.

आणखी एक गंमत. जालना म्हणजे बियाण्यांचं गाव. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथं महिको सुरू केली, तेव्हापासून जालन्याचं नाव बियाण्याच्या पाकिटावर देशभर फिरतंय. आणि लागवडीतला हा वाळा जवळपास बी धरतच नाही. ठोंब फोडूनच लावावा लागतो. नाना गोदामात दिवसभर बियाण्याच्या गोण्या मोजायचे आणि घरी येऊन बी नसलेल्या गवताशेजारी बसायचे.

तर आता तुलना. मी वहीत रोजची नोंद ठेवली होती, तीच सांगते.

पहिलं, रंग. इथं साल्विया सरळ जिंकतो. ऑक्टोबरात लावला, नोव्हेंबरअखेर पहिली निळी कणसं आली, आणि मार्चपर्यंत फाटक उघडलं की निळं निळं. वाळ्याला रंग म्हणाल तर हिरवा, मग पिवळट. तुरे सुंदर असतात पण ते बघायला थांबावं लागतं. संध्याकाळचा तिरपा ऊन त्यांच्यामागून आला की मग कळतं.

दुसरं, पाहुणे. यातही साल्विया पुढे. मधमाश्या, फुलपाखरं, काळा भुंगा, सकाळी आठपासून गर्दी. साल्वियाच्या फुलाची एक युक्ती आहे, ती जरूर करून बघा. एक बारीक काडी घ्या आणि माशी जशी शिरेल तशी हळूच फुलात घाला. बहुतेक जातींत वरून पुंकेसर खाली झुकतो आणि काडीला पराग लावतो. आत तरफ असते. माशीनं ढकललं की तिच्या पाठीवर शिक्का बसतो. वाळ्याकडे माश्या फिरकत नाहीत. गवताचा पराग वाऱ्यावर जातो, त्याला माशीची गरजच नाही. पण पावसाळ्यात मुनियांची एक जोडी पाती ओढून नेताना मी पाहिली. त्यांचं घरटं कुठं होतं ते सापडलं नाही.

तिसरं, माती. आपली काळी माती पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा. साल्वियाला मुळाशी पाणी साचलेलं अजिबात चालत नाही, मुळं कुजतात. त्यामुळे काळ्या मातीत त्याला वीतभर उंच गादीवाफा करून, त्यात शेणखत आणि जाड वाळू मिसळूनच लावावं लागतं. वाळा नालीकाठी चिखलातही उभा होता आणि भेगा पडल्या तेव्हाही उभा होता.

चौथं, जागा. फ्लॅटमध्ये राहत असाल, भाड्याच्या घरात असाल, तर वाळ्याच्या नादी लागू नका. कुंडीत तो चिडचिडा होतो. दहा-बारा इंची कुंडी, चार-पाच तास ऊन आणि साल्विया, हे जमतं. वाळ्याची पाती काठावर धारदार असतात, लहान मुलं खेळतात तिथं वाटेलगत लावू नका. मी पहिल्यांदा कापताना अर्ध्या बाह्यांचा टॉप घातला होता. हातावर ओरखडेच ओरखडे.

पाचवं, पाणी. आता आपण परत त्या बादलीपाशी आलो.

नाना म्हणाले, "आज कोणाला पाजणार?" मी म्हटलं, सगळ्यांना. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग कप खाली ठेवला आणि म्हणाले,

"बाई, बागेच्या वेळी मी तेच केलं. टँकर विकत घ्यायचो आणि सगळ्यांना सारखं पाणी द्यायचो. सारखं म्हणजे थोडं थोडं. दोनशे चाळीस झाडं होती, कोणाला वगळायला मन होईना. पन्नास निवडली असती तर पन्नास जगली असती. मला निवडता आलं नाही."

अकरा वर्षांत हे ते पहिल्यांदा बोलत होते. आई दारात उभी होती. तीसुद्धा पहिल्यांदाच ऐकत होती, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

मी बादली खाली ठेवली आणि सोळा रोपांच्या ओळीवरून चालत गेले. आणि तेव्हा मला दिसलं ते मी महिनाभर रोज पाणी घालूनही पाहिलं नव्हतं. फाटकाकडची अकरा रोपं पार वाळून आली होती. पानं कडेनं करपलेली, दांड्या काडीसारख्या. पण शेवटची पाच, वाळ्याच्या ओळीजवळची, बरी होती. थकलेली होती, पण आतून हिरवी.

कारण काय? दुपारी दोननंतरचं ऊन पश्चिमेकडून येतं. पश्चिमेला वाळा. दहा महिन्यांत तो माझ्या छातीइतका झाला होता. मे महिन्यातल्या सगळ्यात वाईट दोन-तीन तासांत त्या पाच रोपांवर त्याची सावली पडत होती. शिवाय मी मार्चमध्ये कापलेली पाती टाकायला जागा नाही म्हणून तिथंच रोपांच्या बुडाशी टाकली होती. त्या पात्यांखाली बोट घातलं तर माती गार होती. आणि स्वतः वाळ्याला गेले तीन आठवडे मी थेंबभर पाणी घातलेलं नव्हतं. नालीची ओल जी काही मिळाली असेल तेवढीच. शेंडे वाळून पेंढ्यासारखे झाले होते, पण पाती बाजूला करून बुडात पाहिलं तर हिरवा कोंभ.

त्या दिवशी मी पाच रोपांना पाच लिटर घातलं. बाकीचं दहा लिटर आईला दिलं. अकरा रोपांकडे परत पाणी घेऊन गेले नाही. सोपं वाटतंय ना ऐकायला? रोज त्यांच्यासमोरून गाडी काढायला लागायची. महिनाअखेर ती अकराही गेली. मी ती उपटून त्यांच्याच जागेवर आच्छादन म्हणून पसरली. नाना तेव्हा माझ्याबरोबर वाकून काम करत होते. बोललो काहीच नाही.

जूनमध्ये पाऊस आला. आठ दिवसांत वाळा हिरवागार. आणि त्या पाचही रोपांना बुडातून नवे फुटवे आले. त्या हिवाळ्यात फाटकाजवळ नाही, पण वाळ्याच्या पुढ्यात निळं फुललं. मागे गवताचे पिवळट तुरे, पुढे निळी कणसं. एका संध्याकाळी मी फोटो काढला आणि लक्षात आलं की हे मी कुठंतरी पाहिलंय. ती शिकागोची रील परत उघडली. साल्वियाच्या नदीमागे काय होतं सांगा? गवत. उंच, वाकलेलं गवत. वीस वेळा पाहून मला फक्त फुलं दिसली होती.

मग वाळा की साल्विया? माझं उत्तर हे. झाड आणण्याआधी एका कागदावर लिहा की मे महिन्यात तुम्ही दिवसाला किती लिटर पाणी त्याला देऊ शकाल. मोसमी उत्साहात नाही, टाकी रिकामी असताना. तो आकडा तुमच्या फुलांचा आकडा. उन्हाळ्यात सावलीत, आच्छादनासह, साल्वियाच्या एका रोपाला दिवसाला एक लिटर धरा. आकडा पाच असेल तर पाच रोपं. उरलेली सगळी जागा वाळ्याला द्या. आकडा शून्य असेल तर फुलं हंगामी समजा, मार्चमध्ये हात जोडून निरोप द्या आणि सप्टेंबरात परत बी टाका. त्यात काही कमीपणा नाही.

परदेशी झाड म्हणून साल्वियाला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. मिरचीही बाहेरूनच आली आणि आज तिच्याशिवाय आपला ठेचा नाही. पण १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा दिसलेलं गाजर गवतही बाहेरचंच, आणि ते आज कुठं नाही? तेव्हा नवं काही लावताना ते आपल्या वाफ्यातच राहतंय ना, इकडं लक्ष ठेवा. आणि वाळा आपला आहे म्हणून पहिल्या दिवसापासून पाण्यावाचून जगेल असंही नाही. पहिल्या पावसाळ्यात खंड पडला तर आठवड्यातून एकदा पाणी द्यावंच लागतं. मुळं खाली पोचली की मग तो तुमच्याकडे मागत नाही.

आता करायचं कसं, थोडक्यात सांगते. लिहून घ्या किंवा स्क्रीनशॉट काढा.

वाळा जून-जुलैत लावा, पाऊस जमिनीत मुरल्यावर. दोन-तीन फुटव्यांचा एक ठोंब. वरची पाती वीतभर ठेवून कापा, मुळं तीन-चार बोटं ठेवा. शोभेसाठी दोन-अडीच फुटांवर एक, आणि बांधासाठी दाट कुंपण हवं असेल तर चार-सहा इंचांवर. तुमच्या जागेच्या पश्चिमेला लावा, म्हणजे त्याची सावली कामाला येईल. स्वतः त्याला मात्र भरपूर ऊन हवं. वर्षातून एकदा गुडघ्याइतका कापा आणि पाती फुलांच्या बुडाशी अंथरा. सुगंधी मुळांच्या मोहानं सगळं खणून काढू नका. मुळं काढली की मातीही गेली. हवीच असतील तर दीड वर्षानंतर एखादाच ठोंब काढा, माठापुरता.

निळा साल्विया सप्टेंबरात बी टाकून करा, ऑक्टोबरात रोपं फूटभर अंतरावर लावा. चार-पाच पानांच्या जोड्या आल्या की शेंडा खुडा, फांद्या वाढतात. फुलून गेलेलं कणीस खालच्या पानांच्या जोडीपर्यंत कापत राहा. फेब्रुवारीअखेर पूर्ण रोप एक तृतीयांश छाटा, म्हणजे उन्हाळ्यात त्याला कमी पानं सांभाळावी लागतात.

शेवटचं सांगते आणि थांबते. २०२५ च्या जुलैत मी सकाळी उठले तर नाना फाटकाजवळ. हातात टिकाव, पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतलेला. वाळ्याचा एक जुना ठोंब खणून त्याचे फुटवे वेगळे करत होते. फाटकाकडच्या त्या रिकाम्या अकरा जागांच्या मागे त्यांनी दोरी लावून रेघ मारली होती. बागेनंतर बारा वर्षांनी मी त्यांना दोरी लावून काहीतरी लावताना पाहत होते.

मी जवळ जाऊन बसले. ते वर न बघता म्हणाले, "ही ओळ झाली की पुढच्या वर्षी इथं सावली येईल. तुझ्या त्या निळ्या तुळशीचं बी ठेवलंस का?"

ठेवलं होतं. आईच्या मसाल्याच्या डब्याशेजारी, कागदाच्या पुडीत.

"मग किती रोपं करू?" मी विचारलं.

त्यांनी टाकीकडे पाहिलं, थोडा विचार केला आणि म्हणाले, "आठ. आठांना पुरेल."

तर मंडळी, तुमचा आकडा किती, ते मला व्हॉइस नोटवर सांगा. आणि तुमच्या घरात कोणी झाडांबद्दल बोलायचं थांबलं असेल, तर पुढच्या पावसात त्यांच्यासमोर वाळ्याचा एक ठोंब ठेवून बघा. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत बादली जपून वापरा. नमस्कार!